शेजारच्या निशाणावरची दोन भोकं

राजन टिपणीस यांनी आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं. एरवी ते पत्रोत्तराच्या बाबतीत इतके काटेकोर होते, की बँकेकडून आलेल्या दिवाळीच्या छापील शुभेच्छांनाही ‘आपलं पत्र पावलं’ असं उलटटपाली कळवत. अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरावर, तेलाच्या टाक्या सांभाळणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, त्याची नोंद करायची आणि तो पुन्हा कुणालाही सापडणार नाही इतक्या व्यवस्थित जागी ठेवायचा, हे त्यांचं काम. या पत्रावरही त्यांनी घरी आणलेला शिक्का मारला होता : १४ मार्च १९९५. मग ते शब्दकोशात ठेवलं, आणि पुढची साडेतीन वर्षं त्या शब्दकोशात एकही शब्द पाहिला नाही.

पत्र होतं कर्नल अन्वर परकार यांचं. कर्नल ते नंतर झाले. पुण्याच्या कॉलेजात असताना ते नुसते अन्वर होते आणि एनसीसीच्या कॅम्पमध्ये टिपणिसांच्या शेजारच्या खाटेवर घोरत असत. १९५९ सालच्या त्या कॅम्पच्या शेवटच्या दिवशी गोळीबार होता. थ्री-नॉट-थ्री रायफल, प्रत्येकी पाच गोळ्या, समोर ज्याचं त्याचं कागदी निशाण. चार नंबरला टिपणीस पालथे पडले होते, त्यांच्या उजवीकडे पाच नंबरला अन्वर. उस्तादांनी ‘फायर’ म्हटल्यावर टिपणिसांनी डोळे घट्ट मिटले आणि पाचही गोळ्या देवाच्या भरवशावर सोडून दिल्या. निशाणं मोजली तेव्हा चार नंबरचा कागद दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा होता. पाच नंबरच्या कागदावर मात्र सात भोकं होती, आणि त्यातली दोन अगदी मधल्या काळ्या ठिपक्यात. उस्ताद दोन मिनिटं विचारात पडले. मग, कागद जुना असणार, असं म्हणून त्यांनी त्यातली सगळ्यांत चांगली पाच मोजली. अन्वरला कप मिळाला. टिपणिसांना ‘भोपळा’ हे नाव मिळालं, आणि ते कपापेक्षा टिकाऊ निघालं.

आता निवृत्त होऊन दापोलीत राहायला गेलेल्या कर्नलसाहेबांनी लिहिलं होतं : ‘भोपळ्या, सामान आवरताना तो कप निघाला. त्याच कपाच्या जोरावर मी फौजेत गेलो, हे तुला ठाऊक आहे. तुला हे ठाऊक नाही, की तो कागद सकाळी मीच चिकटवला होता. कोरा करकरीत होता. मधली दोन भोकं तुझी का रे? तुझी असतील तर कप तुझा. आमचा एक भाचा दुबईला येतोय, त्याच्याबरोबर पाठवून देतो. खरं काय ते लिही. मी चौकशी समितीसारखा वाट पाहीन.’

यावर काय लिहायचं? ‘माझी नाहीत’ लिहावं तर ते खोटं असण्याची शक्यता होती. ‘माझी आहेत’ लिहावं, तर डोळे मिटलेल्या माणसाला ते कसं माहीत? शिवाय या पत्राने टिपणिसांच्या मनात एक भलतीच पाल चुकचुकली होती. छत्तीस वर्षं ते स्वतःला भोपळा समजून नीट चालले होते. पदोन्नती मागितली नाही, भांडण केलं नाही, सभेत तोंड उघडलं नाही. आणि आता कळत होतं, की कदाचित, कदाचितच, ते त्या कॅम्पमधले सगळ्यांत अचूक नेमबाज होते, फक्त कागद चुकला होता.

साठाव्या वर्षी व्हिसा संपणार, बाडबिस्तरा घेऊन पुण्याला जाणार, आणि दापोलीहून अन्वर दारात येऊन उभा राहणार, हे तर ठरलेलंच होतं. त्याआधी उत्तर हवं होतं.

ते उत्तर मसाफीच्या डोंगरी रस्त्यावरच्या बाजारात मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. एका शुक्रवारी ते सुनेत्राबाईंबरोबर कुंड्या घ्यायला गेले होते. गालिचे, फुगवायचे जिराफ आणि मातीचे माठ विकणाऱ्या एका अफगाणी दुकानदाराकडे, पडद्याच्या दांड्यांच्या गठ्ठ्यात, ती उभी होती. गंजलेली, लाकडाला भेगा पडलेली, खटका जाम झालेली. पण पत्र आल्यापासून टिपणिसांनी पुस्तकांत तिची इतकी चित्रं पाहिली होती, की लग्नात दूरची मावशी ओळखावी तशी त्यांनी तिला ओळखलं. थ्री-नॉट-थ्री. लोखंडावर इशापूरच्या कारखान्याचा शिक्का, साल १९४२. या डोंगरांत अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी असत. नातवंडांना गाडीसाठी पैसे हवे झाले की त्या बाजारात येत.

“चलता नहीं है, साब,” दुकानदार म्हणाला. “अंदर का कील निकाल दिया. सिर्फ दीवार पे लगाने का. कागज़ देगा.”

कागद मिळणार म्हटल्यावर टिपणिसांना धीर आला. पावतीवर ‘शोभेची वस्तू’ असं लिहून घेतलं. मग ती सुनेत्राबाईंना दिसू नये म्हणून ती गुंडाळायला एक गालिचा घ्यावा लागला, आणि त्या गालिच्यासाठी सुनेत्राबाईंनीच प्रेमाने घासाघीस केली.

“इतका सुरेख गालिचा तुम्ही आपणहून घेतलात!” घरी येईपर्यंत त्या तीनदा म्हणाल्या. तेवीस वर्षांच्या संसारात टिपणिसांचं असं कौतुक प्रथमच झालं. ते पुरतं चाखायच्या आत दिवाणखान्यात गालिचा उलगडला गेला.

सुनेत्राबाईंनी बंदुकीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “केवढ्याची?”

“चारशे दिरहॅम.”

“म्हणजे साडेचार हजारांच्या वर रुपये. या गंजाला!”

“ही आपल्याकडची आहे, इशापूरची. आपल्यासारखीच इथे आली.”

“हो का? मग हिचा व्हिसा कोणी काढला?”

आतून वैभवी आली. ती बारावीत होती आणि आईबापांशी फक्त इंग्रजीत असहमत होत असे. “बाबा, दिस इज ॲक्चुअली इल्लीगल,” म्हणून ती फ्रिज उघडायला गेली.

टिपणिसांचा विचार साधा होता. बंदूक हातात धरून, खटका ओढून, नेम धरून बघायचं. खांद्याला जुनी आठवण असेल तर तो आपोआप सांगेल की त्या दिवशी नळी कुठे वळली होती. पण खटका जामच होता. तो सुटावा म्हणून त्यांनी लंडनहून सैन्याचं जुनं माहितीपुस्तक मागवलं आणि ते चारदा वाचलं. आठवड्याभरात त्यांना त्या रायफलच्या सगळ्या भागांची नावं पाठ झाली. एकही भाग हलला मात्र नाही.

इथे खालच्या मजल्यावरच्या मोहिद्दीनभाईंचा प्रवेश झाला. ते श्रीवर्धनकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं, आणि दुरुस्त होऊ शकत नाही अशी वस्तू अल्लाने निर्माणच केलेली नाही असा त्यांचा पक्का समज होता.

“टिपणीससाहेब, पुस्तक बाजूला ठेवा,” बंदुकीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले. “बुकात वाचून काय गंज जातो? रॉकेल आणा.”

रॉकेल आलं. मोहिद्दीनभाईंच्या मागून त्यांच्या पत्नी मरियमबी आल्या. त्यांचं मत पडलं, की लाकडाला खोबरेलासारखं दुसरं काही नाही, त्यांच्या आईच्या पलंगाला साठ वर्षं तेच लावत होते. सुनेत्राबाई आधी दोन दिवस फुगून बसल्या होत्या, पण पितळी पट्टी कोणी लिंबाने घासतंय म्हटल्यावर त्यांना राहवेना. “लिंबाने काय होतंय? चिंच घ्या,” म्हणत त्या स्वतःच खाली बसल्या. महिनाभर संध्याकाळी टिपणिसांच्या दिवाणखान्यात रॉकेल, खोबरेल आणि चिंच यांचा एक असा संमिश्र वास भरून राहिला, की वैभवीची मैत्रीण दारातूनच परत गेली. गालिचा कायमचा कामातून गेला. टिपणिसांना मात्र इतकी माणसं आपल्या घरी, आपल्या कामासाठी जमिनीवर बसलेली पाहून संकोचाने काय करावं ते कळेना. ते सगळ्यांना सारखे चहा विचारत राहिले.

एक दिवस खटका सुटला. खट्, खटाक्. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच दिवशी मोहिद्दीनभाईंनी खिशातून एक चकचकीत खिळा काढला. दुकानदाराने काढून टाकला होता तसाच.

“आपल्या लेथवाल्याकडून करून घेतला. काम करायचं तर पुरं करायचं, साहेब. अर्धवट वस्तू घरात बरी दिसत नाही.”

टिपणिसांना तेव्हाच काहीतरी टोचलं, पण आनंदाने आणलेली भेट परत कशी करायची? त्यांनी ‘थँक यू’ म्हटलं. खिळा बसला. शोभेची वस्तू बंदूक झाली.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पोलिसांची भीती फारशी नव्हती. घरात एक वस्तू होती आणि तिचा कागद तिच्याशी जुळत नव्हता, हे दुःख होतं. बावीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं. सकाळी ते ऑफिसात अबुजरकडे गेले. अबुजर म्हसळ्याचा, पन्नाशीचा, कंपनीचा मंदूब. म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून सगळ्यांचे कागद फिरवून आणणारा माणूस.

“मला एक परवाना काढायचाय,” टिपणीस कुजबुजले.

“ड्रायव्हिंगचा? तीन वेळा नापास झालात ना साहेब?”

“बंदुकीचा.”

अबुजरने उठून दार लावलं. सगळं ऐकून घेतल्यावर कपाळावर हात मारून तो म्हणाला, “साहेब, माझं ऐका. खिळा काढा, समुद्रात फेका, बंदूक भिंतीवर लावा. खलास.”

“पण मग पावती खरी, बंदूक खरी, मधला महिनाभर मात्र नोंदीत नाही.”

“कसली नोंद? कोण विचारतंय?”

“मी,” टिपणीस म्हणाले. एवढं ठाम वाक्य आपण कधी बोललो होतो, ते त्यांना आठवेना.

अबुजरने निरुपायाने कंपनीचं ना-हरकत पत्र मिळवलं. त्यात ‘कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक छंदास कंपनीची हरकत नाही’ एवढंच होतं, कारण छंद काय ते व्यवस्थापकांना सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मग टायपिंगच्या दुकानात अरबी अर्ज झाला. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे हवे होते, ते निळ्या पार्श्वभूमीचे निघाले, पुन्हा काढले. रक्तगट लागला. आणि एका सोमवारी सकाळी गालिच्यात गुंडाळलेली बंदूक, फाइल आणि अबुजर यांच्यासह टिपणीस पोलिस ठाण्यात एका तरुण अधिकाऱ्यासमोर बसले. नाव सईद, चेहरा हसरा, हिंदी उत्तम.

सईदने पावती वाचली. “ये तो शो-पीस है, चाचा. इसको लायसन्स नहीं चाहिए. यल्ला, घर जाओ.”

अबुजर उठलासुद्धा. टिपणीस उठले नाहीत.

“पहले शो-पीस था,” ते म्हणाले. “मैंने रिपेअर किया. अभी चलता है.” आणि टेबलाखालून अबुजर पायावर पाय देत असतानाही त्यांनी अभिमानाने खटका ओढून दाखवला. खट्, खटाक्.

सईदने टोपी काढून टेबलावर ठेवली. “चाचा, तुम नहीं बताता तो मुझे मालूम नहीं पड़ता.”

“इसलिए तो बताया.”

“चलता नहीं तो लायसन्स नहीं चाहिए. चलता है तो लायसन्स तुमको मिलता नहीं. अब मैं क्या करूँ?”

टिपणिसांनाही तो प्रश्न रास्त वाटला. इतका, की उत्तर शोधायला ते सईदबरोबर विचार करू लागले. शेवटी सईदने फोन उचलला. अर्ध्या तासाने काठी टेकत एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध आले. ते सईदचे आजोबा ओबेद. त्यांच्याकडे परवाना होता, आणि तसल्या आणखी तीन बंदुकाही. तरुणपणी मुंबईत भेंडीबाजारात दोन वर्षं राहिल्यामुळे त्यांची हिंदी टिपणिसांपेक्षा सफाईची होती. त्यांनी खटका ओढला. पुन्हा ओढला. कानाशी नेऊन ओढला.

“ये मख्खन किसने किया?”

टिपणिसांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

असा निकाल लागला, की बंदूक ओबेद यांच्या नावावर जावी आणि टिपणीस घरी जावेत. कागद जुळला. मात्र दुसऱ्या शुक्रवारी दारात पांढरी पिकअप उभी राहिली. ओबेद यांच्या उरलेल्या तिन्ही बंदुकांचे खटके जाम होते, आणि नातवाचं, म्हणजे त्या सईदचंच, पुढच्या महिन्यात लग्न होतं. मग चार शुक्रवार टिपणीस, मोहिद्दीनभाई, खोबरेलाची बरणी आणि चिंचेचा गोळा अशी मिरवणूक डोंगरातल्या त्या वाडीवर जात राहिली. ओबेद त्यांना ‘मास्टर’ म्हणत. टिपणीस प्रत्येक वेळी मागे वळून पाहत, की मास्टर कोण आलाय.

लग्नाचा दिवस उजाडला. त्या वाडीतली रीत अशी, की जेवणाआधी समोरच्या टेकडीवर पत्र्याच्या दोन थाळ्या टांगायच्या. डावीकडची वरपक्षाची, उजवीकडची वधूपक्षाची. प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस आपापल्या थाळीवर पाच गोळ्या झाडणार. ज्यांची थाळी जास्त वेळा वाजेल त्यांना बक्षीस. बक्षीस एक मोठा, सोनेरी नक्षीचा चहाचा थर्मास होता, आणि त्यापायी दोन्ही घरं पुढे वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत नसत.

“मास्टर,” ओबेद यांनी इशापूरची बंदूक पुढे केली, “तुम बनाया, तुम मारेगा. हमारी तरफ से.”

“मैं? नहीं, नहीं. मेरा नंबर चार था—” टिपणीस काहीच्या बाही बोलले. मोहिद्दीनभाईंनी त्यांना पाठीवर थोपटत सतरंजीवर पालथं पाडलं. पलीकडे बायकांच्या कनातीत सुनेत्राबाई मरियमबींचा हात धरून उभ्या होत्या. वैभवी कॅमेरा घेऊन आली होती. “ऑल द बेस्ट, बाबा! डोन्ट किल एनीवन!”

टिपणिसांनी पुस्तकात लिहिलं होतं तसं सगळं केलं. कोपर टेकलं, श्वास रोखला, डावा डोळा मिटला, उजव्या डोळ्याने डावीकडच्या थाळीचा मध्य धरला. पहिली गोळी टेकडीच्या मुळाशी धुरळा उडवून गेली. दुसरी आकाशात गेली. तिसरीने एका बाभळीची फांदी तोडली आणि तिच्याखालच्या शेळ्या चौफेर उधळल्या. वरपक्षात कोणी हसलं नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. ओबेद यांनी दाढीत बोटं घातली होती.

दोन गोळ्या उरल्या. आणि त्या क्षणी एकोणसाठ वर्षांच्या टिपणिसांच्या आतला एकोणीस वर्षांचा भोपळा जागा झाला. त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले.

टण्ण!

टण्ण!

त्यांनी डोळे उघडले तेव्हा जल्लोष चालू होता. फक्त तो भलत्या बाजूने येत होता. वधूकडचे पुरुष टोप्या उडवत होते. उजवीकडची थाळी, जिच्यावर त्यांच्या माणसाने अजून एकही गोळी झाडली नव्हती, मधोमध दोन भोकं घेऊन गरागरा फिरत होती. वधूपक्षाच्या माणसाला पुढे त्याच्या पाच गोळ्यांत एकदाही थाळी वाजवता आली नाही. म्हणजे थाळी वाजली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा टिपणिसांकडून.

मग वाद पेटला. वरपक्षाचं म्हणणं, गोळी आमच्या माणसाची, थर्मास आमचा. वधूपक्षाचं म्हणणं, थाळी आमची, थर्मास आमचा. खुद्द नवरदेव सईद, जो एरवी कायद्याचं काम करत असे, ‘चाचा, फिर से प्रॉब्लेम किया!’ म्हणून पोट धरून हसत होता. टिपणीस मधोमध, गुडघ्यांना माती लागलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंना ‘सॉरी’ म्हणत होते. शेवटी ओबेद यांनी काठी आपटली.

“थाली उनकी, थर्मास उनका,” ते म्हणाले. “मास्टर ने हमारी थाली पे निशाना लिया था. उनकी पे लगा, तो वो उनका नसीब. इसमें झगड़ा क्या?” मग टिपणिसांकडे वळून, बराच वेळ निरखून पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “लेकिन मास्टर, दोनों बिलकुल बीच में. आँख बंद करके. कहाँ सीखा?”

“पूना में,” टिपणीस म्हणाले.

घरी परतताना मोहिद्दीनभाई गाडी चालवत होते. सुनेत्राबाई मागून म्हणाल्या, “लागल्या तर होत्या ना पण! दोन्ही मधोमध! ती मेली थाळीच चुकीच्या जागी टांगली होती.” टिपणीस गुडघ्यांची माती झटकत होते. ते विचार करत होते. शास्त्रात हा पुरावा धरत नाहीत, हे त्यांना कळत होतं. पण ते शास्त्रज्ञ नव्हते, डॉक्युमेंट कंट्रोलर होते. मूळ कागद गहाळ झाला, तर साक्षांकित प्रत ग्राह्य धरायची, हा त्यांच्या खात्याचा नियम होता. इथे तर दोनशे साक्षीदार होते.

शनिवारी सकाळी त्यांनी शब्दकोश उघडला. पत्राचे अकरा कच्चे खर्डे केले. पहिला सात पानांचा होता, त्यात इशापूरचा इतिहास होता. अकरावा असा झाला :

‘प्रिय अन्वर, तुझं १९९५ सालचं पत्र पावलं. उशिराबद्दल क्षमस्व. मधली दोन्ही भोकं माझी. पण मी नेम माझ्या कागदावर धरला होता, म्हणून कप तुझा. भाच्याबरोबर पाठवू नकोस. भोपळा माझ्याकडे आहे, तो मी ठेवतो. मात्र यापुढे मला त्या नावाने हाक मारताना, तो दोन गोळ्यांचा भोपळा आहे हे ध्यानात असू दे. – राजन.’

पोस्टाच्या भिंतीत शेजारी शेजारी दोन पेट्या होत्या. डावी परदेशासाठी, उजवी देशातल्या देशात. सुनेत्राबाईंना शेजारी घेऊन टिपणीस डाव्या पेटीसमोर उभे राहिले. श्वास रोखला गेला, आणि जुन्या सवयीने पापण्या खाली येऊ लागल्या. त्यांनी त्या महत्प्रयासाने वर ओढल्या. सगळं मनगट आत घालून त्यांनी पत्र सोडलं.

तरीही भरवसा वाटेना.

“सुनेत्रा,” त्यांनी हळूच विचारलं, “कुठल्या पेटीत पडलं?”

सुनेत्राबाईंनी पेट्यांकडे पाहिलं, त्यांच्या अजून फटीत अडकलेल्या हाताकडे पाहिलं.

“तुमच्याच,” त्या म्हणाल्या. “आता हात काढा बाहेर.”